मोजणीची काठी, सराफाचा काटा आणि स्ट्रॉन्शियमचं घड्याळ

अमळनेर तालुक्यातल्या एका शेतात मोजणी होती. शेत माझ्या विद्यार्थ्याच्या घरचं, म्हणून मीही गेलो होतो. दोन चुलत भावांचा बांधाचा जुना वाद. मोजणीवाले साहेब आले, पण त्यांच्याजवळ ना साखळी होती ना टेबल. एक उंच काठी, तिच्या टोकाला पांढरी तबकडी आणि हातात मोबाइलएवढं यंत्र, बस. त्यांनी काठी बांधावर उभी केली, तिच्यावरचा बुडबुडा मधोमध आणला, थोडं थांबले आणि पुढच्या खुणेकडे निघाले. विद्यार्थ्याचे वडील, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, बराच वेळ बघत उभे होते. शेवटी मला म्हणाले, "सर, या काठीले कसं समजस हो?"

मी म्हणालो, "नाना, ती काठी वेळ मोजते. वेळेवरून अंतर काढते."

तेवढ्यावर नानांचं समाधान झालं नाही, आणि ते बरोबरच होतं. हा लेख त्यांच्या त्या प्रश्नाचं नीट उत्तर आहे. निमित्त आणखीही एक आहे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने भारतीय प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदा लोकांपुढे ठेवला. बँका, दूरसंचार, वीजजाळं या सगळ्यांनी एकाच अधिकृत वेळेला आपली घड्याळं लावावीत, असा त्याचा रोख. तेव्हापासून 'अणुघड्याळ' हा शब्द पुन्हा कानावर येतो आहे. त्यातल्या सर्वांत बारीक घड्याळांपैकी एक प्रकाशाच्या जाळीत अणू धरून चालवतात. ते समजायला अवघड नाही, फक्त पायरीपायरीने जावं लागतं.

फूटभर अंतर म्हणजे किती वेळ?

काठीच्या टोकावरची तबकडी उपग्रहांचे संदेश ऐकते. प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो, 'मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत.' हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवर असतात, तिथून खाली यायला त्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. संदेश निघाला कधी आणि पोचला कधी यावरून उपग्रह किती लांब आहे ते कळतं. चार किंवा जास्त उपग्रहांची अंतरं कळली की आपली जागा ठरते.

आता इथली मेख बघा. सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाला नॅनोसेकंद म्हणतात. तेवढ्या वेळात प्रकाश तीस सेंटिमीटर जातो, म्हणजे एक फूट. घड्याळ एका नॅनोसेकंदाने चुकलं तर अंतर फूटभर चुकलं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने, म्हणजे मायक्रोसेकंदाने, चुकलं तर तीनशे मीटर, म्हणजे नानांची काठी शेजारच्या शिवारात! मोजणीत सेंटिमीटरपर्यंत जाता येतं ते जवळच्या पक्क्या केंद्राशी ताळा करून बऱ्याच चुका वजा केल्यामुळे. पण मुळात उपग्रहात अणुघड्याळ नसतं तर ताळा कशाशी करणार?

आखाजीचा झोका

आखाजीला माहेरी आलेल्या लेकी लिंबाच्या झाडाला झोके बांधतात, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. तो झोका म्हणजे एक घड्याळच. त्यावर थोरली बसो की धाकटी, हलका झोका असेल तर एका फेरीला लागणारा वेळ जवळपास सारखाच. दोर लांब असेल तर झोका संथ, आखूड असेल तर झपाट्याचा. फेऱ्या मोजत गेलं की वेळ मोजला गेला. लंबकाचं घड्याळ याहून वेगळं काही करत नाही. हातातल्या घड्याळातला क्वार्ट्‌झचा स्फटिकही हेच करतो, फक्त तो एका सेकंदात ३२,७६८ वेळा थरथरतो. एका सेकंदात किती झोके, या आकड्याला वारंवारता म्हणतात.

अडचण दोराची आहे. दोर उन्हात ताणतो, फांदी वाकते, या झाडाचा झोका त्या झाडाच्या झोक्याशी जुळत नाही. स्फटिकाचंही तसंच, कारखान्यात कितीही जपून कापले तरी दोन स्फटिक अगदी सारखे निघत नाहीत. मग असा झोका कुठे मिळेल, ज्याचा दोर जगात सगळीकडे तंतोतंत तेवढाच असेल?

अणूत मिळतो. धुळ्यातला सिझियम या धातूचा अणू आणि पॅरिसमधला सिझियमचा अणू यांत कणभरही फरक नसतो. तो झिजत नाही, जुना होत नाही. अणूच्या ऊर्जेच्या ठरलेल्या पायऱ्या असतात. नेमक्या वारंवारतेची लहर आली तरच तो खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जातो, थोडी इकडेतिकडे असेल तर ढिम्म हलत नाही. जुन्या रेडिओवर जळगाव आकाशवाणी लावताना खुंटी हळूहळू फिरवायचो, आवाज स्वच्छ आला की थांबायचो, तसंच इथे करतात. अणू म्हणजे कधीही न सरकणारं स्टेशन. त्याला खुंटी लावायची आणि मग आपल्या लहरीचे झोके मोजायचे.

लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी १९५५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सिझियमचं पहिलं भरवशाचं घड्याळ चालवलं. १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्याच बदलली. सिझियमचे ९,१९२,६३१,७७० झोके म्हणजे एक सेकंद. तोपर्यंत सेकंद पृथ्वीच्या फिरण्यावरून ठरत होता, आधी स्वतःभोवती आणि नंतर सूर्याभोवती. तेव्हापासून तो अणूवरून ठरतो.

मग सिझियम पुरलं नाही का?

आजवर पुरलं, आणि छान पुरलं. उत्तम सिझियम घड्याळ तीस कोटी वर्षांत एखाद्या सेकंदाने चुकेल इतकं पक्कं असतं. पण मोजपट्टीवर जितक्या बारीक रेघा तितकं मोजमाप बारीक. सोनं तोळ्याने मोजायचं तर कुणाचं तरी नुकसान होणारच, म्हणून एका तोळ्याचे बारा मासे केले आणि एका माशाच्या आठ गुंजा. सिझियमची लहर रेडिओ लहरींच्या घरातली, मायक्रोवेव्ह म्हणतो ती. त्याऐवजी डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर घेतली तर झोके कित्येक हजार पटींनी वाढतात. स्ट्रॉन्शियम नावाचा धातू लाल प्रकाशाला प्रतिसाद देतो आणि त्या प्रकाशाचे झोके आहेत सेकंदाला सुमारे ४२९ लाख कोटी. सिझियमच्या जवळपास सत्तेचाळीस हजार पट.

इतके झोके मोजणारं कुठलंही यंत्र नाही. त्यावर तोड निघाली ती वारंवारतेच्या कंगव्याची. समान अंतरावर दात असलेला प्रकाशाचा कंगवा, जो घड्याळातल्या चाकांसारखा अतिवेगवान झोके मोजता येतील इतक्या संथ झोक्यांत उतरवतो. जॉन हॉल आणि थिओडोर हान्श यांना या कामासाठी २००५ चं नोबेल मिळालं.

मोजायची सोय झाली. आता अणूला स्थिर कसं धरायचं?

भुसावळच्या फलाटावरची शिट्टी

स्ट्रॉन्शियम भट्टीत तापवून त्याची वाफ करतात. त्या वाफेतले अणू सेकंदाला शेकडो मीटर वेगाने सुटतात. भुसावळच्या फलाटावर उभं असताना न थांबणारी गाडी येते तेव्हा तिचा भोंगा चढा ऐकू येतो आणि पुढे गेली की एकदम उतरतो. धावणाऱ्या अणूच्या बाबतीतही तेच होतं. समोरून येणारा प्रकाश त्याला चढ्या वारंवारतेचा भासतो.

शास्त्रज्ञांनी या अडचणीलाच कामाला लावलं. लेसरची वारंवारता मुद्दाम जराशी कमी ठेवायची. मग जो अणू लेसरच्या दिशेने धावत येतो त्यालाच ती नेमकी वाटते आणि त्यालाच प्रकाशाचा धक्का बसतो. सगळ्या बाजूंनी असे लेसर सोडले की अणू जिकडे पळेल तिकडून त्याला समोरचा वारा लागतो. उष्णता म्हणजे अणूंची धावपळ. धावपळ थांबली की थंडावा. असं करत स्ट्रॉन्शियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३.१५ अंशांच्या, अंशाच्या दहा लाखाव्या भागाइतके जवळ नेता येतात. मग त्यांचा वेग सेकंदाला एखाद-दोन सेंटिमीटर उरतो, मुंगीच्या चालीचा. लेसरने अणू थंड करण्याच्या या विद्येला १९९७ चं नोबेल आहे.

प्रकाशाच्या सऱ्या

मुंगीच्या चालीने का होईना, अणू सरकतोच, शिवाय खाली पडतो. त्याला धरून ठेवायला प्रकाशाची जाळी लागते. लेसर आरशावर आपटवून उलटा फिरवला की जाणारी आणि येणारी लहर एकमेकींत मिसळतात आणि जागच्या जागी उभी राहणारी लहर तयार होते. कुठे कायम तेज, कुठे कायम अंधार.

शेतात सरी-वरंबे पाडले की पाणी सरीत थांबतं, तसे हे थंड अणू उजेडाच्या सऱ्यांत थांबतात. या सऱ्या इतक्या जवळजवळ असतात की एका मिलिमीटरमध्ये जवळपास अडीच हजार बसतात. प्रत्येक सरीत थोडे थोडे, असे मिळून हजारो अणू एकाच वेळी धरता येतात.

हजारो कशाला, एकच का नको? केळीवाले इथे चटकन समजतील. एका घडाचं वजन करून कुणी भाव ठरवत नाही, 'रास' काढतात, म्हणजे सगळ्या घडांची सरासरी. एक घड मोठा निघेल, एक लहान, पण जितके जास्त घड तितकी रास खरी. अणूंचंही तसंच. दहा हजार अणू एकदम विचारले तर एका अणूपेक्षा शंभर पट बारीक उत्तर मिळतं. एकच विद्युतभारित अणू धरून चालवलेली घड्याळंही अतिशय अचूक आहेत, पण त्यांना तेवढ्याच बारीक उत्तरासाठी फार वेळ सरासरी काढत बसावं लागतं.

सराफाच्या काट्याची युक्ती

आता या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग. वर्गात शिकवतानाही मी इथे आल्यावर घाई करत नाही.

जळगावच्या सराफ बाजारात जुना काटा पाहिला असेल, तर तो काचेच्या पेटीत असायचा. वजन करताना पंखा बंद करायचे. नुसत्या फुंकरीने काटा हलायचा. अणूचंही असंच नाजूक काम आहे. आणि आपण काय केलं? त्याला धरण्यासाठी चक्क प्रखर लेसरमध्ये बसवलं! तो लेसर अणूच्या पायऱ्या वरखाली ढकलतो. पायऱ्यांमधलं अंतर बदललं की वारंवारता बदलली, म्हणजे घड्याळ बिघडलं. धरलं नाही तर अणू पळतो, धरलं तर घड्याळ चुकतं. अनेकांना हा मार्ग इथेच संपलेला वाटत होता.

टोकियो विद्यापीठाच्या हिदेतोशी कातोरी यांनी २००१ मध्ये यावर तोड सुचवली. पुन्हा काट्याकडे बघा. दोन्ही पारड्यांत सारखंच जादा वजन टाकलं तर काटा हलेल का? नाही हलणार. पारडी जड झाली, पण फरक तोच राहिला. अणूला पायऱ्या किती सरकल्या याच्याशी कर्तव्य नसतं, त्याची वारंवारता ठरते ती दोन पायऱ्यांमधल्या फरकावर. मग जाळीसाठी असा रंग निवडायचा की तो खालची आणि वरची पायरी अगदी सारख्याच मापाने ढकलेल. स्ट्रॉन्शियमसाठी तो रंग तांबड्याच्या पलीकडचा आहे, तरंगलांबी सुमारे ८१३ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही थोडी कमी. तिला जादुई तरंगलांबी असं नाव पडलं आहे. अणूला घट्ट धरायचं, पण काट्याला कळू द्यायचं नाही. पुढच्या चार-पाच वर्षांत ही युक्ती प्रत्यक्षात उतरली आणि आज जगातल्या अनेक प्रयोगशाळा याच वाटेने चालल्या आहेत.

काम इथे संपत नाही. खोलीच्या भिंतींची साधी ऊबसुद्धा अणूला जाणवते. भिंतीचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत माहीत नसेल तर हिशेब चुकतो. जळगावच्या मे महिन्यात राहणाऱ्याला यातलं कष्टाचं मोल वेगळं सांगायला नको.

"अब्जावधी वर्षं कुणी थांबून पाहिलं?"

हा प्रश्न मला प्रत्येक वर्गात येतो, आणि यायलाच हवा. अमेरिकेतल्या बोल्डर गावच्या 'जिला' (JILA) या संस्थेत जुन ये या शास्त्रज्ञाच्या गटाने २०२४ मध्ये स्ट्रॉन्शियमच्या घड्याळाची अचूकता जिथवर नेली, तिचा अर्थ असा लावतात की ते सुमारे चाळीस अब्ज वर्षांत एक सेकंद चुकेल. विश्वाचं वय आहे सुमारे १३.८ अब्ज वर्षं. मग इतकं कुणी पाहिलं?

कुणीच नाही, आणि पाहायची गरजही नाही. एखादी मोटर दिवसाला किती पाणी उपसते हे दहा मिनिटांत बादली भरून काढता येतं. तसंच हे प्रमाण आहे. चाळीस अब्ज वर्षं चालवायचं म्हणून नव्हे, तर आज, एका दिवसात, इतका बारीक फरक दिसावा म्हणून ही अचूकता हवी असते.

आणि जगातलं सर्वांत अचूक घड्याळ चुकलं हे कळतं कशावरून? दुसरं तितकंच चांगलं घड्याळ बांधून. स्वतंत्र माणसांनी, स्वतंत्र जागी. पॅरिस आणि जर्मनीतलं ब्राउनश्वाइग इथली स्ट्रॉन्शियमची घड्याळं १,४१५ किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूने जोडून ताडून पाहिली, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, आणि ती जुळली. सराफाकडचं वजन खरं की खोटं, हे दुसऱ्या सराफाकडे जाऊनच कळतं ना?

'अणु' म्हटलं की भीती वाटते, तिचंही सांगून टाकतो. यात स्फोट नाही, किरणोत्सर्ग नाही. घड्याळात असतं ते निसर्गात सापडणारं स्थिर स्ट्रॉन्शियम. दिवाळीच्या फटाक्यांत लाल रंग येतो तो याच धातूच्या क्षारांमुळे.

तोरणमाळचं घड्याळ पुढे धावतं

इथून पुढे घड्याळ वेगळंच काही दाखवू लागतं. आइन्स्टाइनने सांगून ठेवलं होतं की गुरुत्वाकर्षण जिथे जोरदार तिथे वेळ संथ. पृथ्वीच्या जितकं जवळ, तितकं घड्याळ हळू. ही कल्पना नाही, जीपीएसच्या उपग्रहांना ती रोज भोगावी लागते. त्यांची घड्याळं जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती आधीच करून ठेवावी लागते. नाही केली तर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरची चूक साठेल.

कातोरी यांच्या गटाने हे टोकियोच्या स्कायट्री मनोऱ्यावर करून दाखवलं. एक घड्याळ तळाशी, एक ४५० मीटर वर. वरचं दिवसाला सुमारे चार नॅनोसेकंद पुढे. हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं.

हाच हिशेब मी आपल्याकडे लावून पाहिला. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास, सातपुड्यातलं तोरणमाळ साडेअकराशेच्या आसपास. म्हणजे तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी ठेवलेलं घड्याळ जळगावच्या घड्याळापेक्षा दिवसाला आठ-नऊ नॅनोसेकंद पुढे जाईल. वर राहणाऱ्याचं वय तेवढं जास्त वाढेल. जिलाच्या गटाने तर २०२२ मध्ये एकाच जाळीतल्या, मिलिमीटरभर वरखाली असलेल्या अणूंमध्येही हा फरक दाखवला.

याचा उलट उपयोग बघा. वेळेतल्या फरकावरून उंची काढता येईल. घड्याळ सेंटिमीटरभर उचललं तरी फरक दिसतो, इतकी अचूकता आता हातात आहे. पाणी कुठून कुठे वाहील हे ठरतं ते गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने खरी उंची किती यावर. दूरच्या दोन ठिकाणांमधला तो फरक आज दुर्बिणी आणि पट्ट्या घेऊन टप्प्याटप्प्याने मोजत जावा लागतो आणि प्रत्येक टप्प्याची चूक पुढच्यात मिळते. दोन घड्याळं आणि मधे एक प्रकाशतंतू असेल तर तो थेट मिळेल.

आपलं काय?

आपली वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. आणि या बाबतीत परावलंबी राहणं किती महागात पडतं हे आपण पाहिलं आहे. आपल्या नाविक या उपग्रहमालेतल्या पहिल्या उपग्रहावरची बाहेरून आणलेली तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. उपग्रह आकाशात धडधाकट, पण वेळ सांगता येईना म्हणून जागा सांगण्याच्या कामाचा उरला नाही. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहावर पहिल्यांदा भारतात घडवलेलं रुबिडियमचं घड्याळ गेलं. मला ती बातमी फार मोठी वाटली होती, आपल्याकडे तिची व्हावी तितकी चर्चा झाली नाही. पुण्याच्या आयुका संस्थेत यटर्बियमचा एकच विद्युतभारित अणू धरून प्रकाशाचं घड्याळ उभारण्याचं काम चालू आहे.

हे काम आत्ताच व्हायला हवं, कारण सेकंदाची व्याख्या पुन्हा बदलू घातली आहे. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ मध्ये त्याची दिशा ठरवली आणि २०३० च्या बैठकीपर्यंत नवी व्याख्या मांडायचं उद्दिष्ट ठेवलं. स्ट्रॉन्शियम घ्यायचा, यटर्बियम घ्यायचा की अनेक अणूंचा मेळ घालायचा, यावर खल चालू आहे.

नानांना हे सगळं पारावर बसून सांगितलं तेव्हा त्यांचा एकच आक्षेप उरला. सूर्य तर आपल्या वेळेने चालतो, मग त्याचं काय? खरं आहे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, जळगाव त्याच्या सात अंश पश्चिमेला, म्हणून घड्याळात बारा वाजतात तेव्हा आपल्या डोक्यावर सूर्य यायला सरासरी अठ्ठावीस मिनिटं बाकी असतात. शिवाय पृथ्वीचं फिरणंही एकसारखं नाही. तिच्याशी जुळवून घ्यायला १९७२ पासून २७ वेळा घड्याळात जादा सेकंद घातला गेला. शेवटचा घातला तेव्हा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ची पहाट होती, साडेपाचच्या ठोक्याआधीचा एक सेकंद. संगणकांना हा उपरा सेकंद फार जाचतो, म्हणून २०३५ पर्यंत ही पद्धत थांबवायचं ठरलं आहे.

"मंग सेकंद मोठा व्हई का लहान?" नानांनी विचारलं. तेवढाच राहील. नवे आकडे असेच निवडतील की आजचा सेकंद आणि नवा सेकंद यांत कुणाला फरक सापडू नये. तोळ्याचे ग्रॅम झाले तेव्हा घरातल्या पाटल्यांचं सोनं कमी-जास्त झालं नव्हतं, तसंच.